एम-चॅट-आर/एफ मराठी घरात: कागद चांगला, पण फॉलो-अप गाळला तर अर्धाच

एम-चॅट-आर/एफ हे १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीचं ऑटिझमच्या प्राथमिक चाचणीचं साधन. वीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही, भरायला पाच मिनिटं, किंमत शून्य. डायना रॉबिन्स, डेबोरा फाइन आणि मरियन बार्टन यांनी अमेरिकेत ते तयार केलं. अधिकृत संकेतस्थळावरून कुणीही उतरवून घेऊ शकतं. बालरोगतज्ज्ञाकडे बूस्टरच्या वेळी हातात ठेवला जाणारा विकासाचा फॉर्म बऱ्याचदा हाच असतो. मराठी घरातल्या मुलांसाठी तो कितपत चालतो, कुठे अडतो आणि अडला तर काय करायचं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. मत आधीच सांगून टाकतो: साधन जवळ ठेवण्यासारखं आहे. पण नावातलं शेवटचं ‘एफ’ म्हणजे फॉलो-अप, आणि आपल्याकडे गळतं ते नेमकं तेच.

गुण मोजायची पद्धत सोपी असूनही चुका तिथूनच सुरू होतात. सतरा प्रश्नांत ‘नाही’ म्हणजे शंकेचा एक गुण. २, ५ आणि १२ हे तीन प्रश्न उलटे आहेत: बाळाला ऐकू येत नसेल असं कधी वाटलं का, ते डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली करतं का, रोजच्या आवाजांनी बेचैन होतं का. इथे ‘हो’ला गुण. घाईत सरसकट ‘नाही’ मोजले की बेरीज एक-दोन गुणांनी सहज हलते, आणि या चाचणीत तेवढ्याने निकाल फिरतो. ० ते २ आले तर धोका कमी. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा एकदा भरून घ्यायचा. ३ ते ७ आले तर फॉलो-अप मुलाखत, तीही फक्त चुकलेल्या, म्हणजे शंकेचा गुण आलेल्या, प्रश्नांपुरती. त्यानंतरही दोन किंवा जास्त प्रश्न चुकलेलेच राहिले तर मूल तज्ज्ञाकडे पाठवायचं. ८ किंवा जास्त असतील तर मुलाखतीत वेळ न घालवता थेट पाठवायचं. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर वय दुरुस्त करून, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून, मोजा.

आता या आकड्यांवर विसंबायचं किती? २०१४ साली अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कागद आणि मुलाखत या दोन्ही पायऱ्यांवर अडकलेल्या मुलांपैकी ४७.५ टक्क्यांना ऑटिझम निघाला आणि जवळपास ९५ टक्क्यांना विकासाची कोणती ना कोणती अडचण होती. म्हणजे दोन्ही पायऱ्या नीट झाल्या तर ‘उगाच घाबरवलं’ असं फारसं होत नाही. दुसरी बाजूही आहे. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाच्या दवाखान्यांत सुमारे २६ हजार मुलांच्या नेहमीच्या तपासणीत हेच साधन वापरलं, तेव्हा पुढे ऑटिझम निघालेल्या मुलांपैकी फक्त ३९ टक्क्यांच्या आसपास मुलं त्यात पकडली गेली होती. हा अभ्यास २०१९ चा. श्रीलंकेत जुना, २३ प्रश्नांचा एम-चॅट वापरून पाहिला तेव्हा ही पकड २५ टक्क्यांवर आली. तिथल्या तज्ज्ञांनी मग भाषांतर घासत न बसता चित्रांवर आधारलेली वेगळी प्रश्नावली बनवली. तेव्हा कागदावर शून्य आला म्हणून ‘काही नाही, घरी जा’ असं म्हणण्याइतकं हे साधन भक्कम नाही, हे आधी गाठीशी बांधा.

मराठीत भाषांतर करून काम भागतं, हा समज इथे तोकडा पडतो. शब्द बदलता येतात. घरात मुलाशी वागायची रीत बदलत नाही, आणि प्रश्न त्या रीतीबद्दल काहीतरी गृहीत धरून बसलेले असतात.

बोट दाखवण्याचे प्रश्न घ्या. सहावा प्रश्न विचारतो, हवी ती वस्तू मागायला मूल एका बोटाने दाखवतं का. सातवा विचारतो, काही गमतीचं दिसलं तर तुम्हाला दाखवायला बोट करतं का. उदाहरणं आहेत आकाशातलं विमान, रस्त्यावरचा मोठा ट्रक. या वयात ऑटिझमची सगळ्यात कामाची खूण बहुधा ही सातव्या प्रश्नातली. आणि मराठी घरात सगळ्यात जास्त फसवं उत्तर इथेच मिळतं. आपल्याकडे बाळ वर्षाचं व्हायच्या आत ‘पंखा कुठाय? चिऊ कुठाय? चांदोबा कुठाय? बाप्पा कुठाय?’ हा कार्यक्रम सुरू होतो. दिवसातून दहादा, येईल त्या पाहुण्यासमोर. ज्या मुलाला पुढे ऑटिझमचं निदान होतं तेही पंख्याकडे बोट करायला शिकू शकतं, कारण तो सराव आहे. आई कागदावर खुशाल ‘हो’ करते, आणि तिचं काही चुकत नाही. प्रश्नाला हवं असतं न विचारता, आपणहून, ‘बघ ना’ म्हणून केलेलं बोट.

म्हणून मुलाखतीत असं विचारा: ‘कुणी काही विचारलेलं नसताना, दारात गाय आली किंवा रस्त्यावरून जेसीबी गेला, तर हा काय करतो?’ आणि लगेच पुढचा प्रश्न: ‘बोट केल्यावर तुमच्या तोंडाकडे बघतो का?’ बोट, वस्तू, मग आईचा चेहरा, ही साखळी पुरी होते का ते पाहायचं. नुसतं ‘गाय बघून खूश होतो’ हे उत्तर इथे चालत नाही.

सहाव्या प्रश्नात गोंधळ वेगळा. आपल्या घरांत, त्यातून आजी हाताशी असेल तर, मुलाला मागायची वेळच येत नाही. भूक लागायच्या आत वाटी पुढे येते, तहान लागायच्या आत फुलपात्र तोंडाला लागतं. मग आई म्हणते, ‘तो काही मागतच नाही, शहाणा आहे.’ हे ‘नाही’ धरायचं की प्रसंगच आला नाही असं धरायचं? प्रसंग घडवूनच याचा निकाल लागतो. बिस्किटाचा डबा दिसेल पण हाताला येणार नाही अशा फळीवर ठेवायचा, दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मूल रडतं, वर चढू बघतं, एका बोटाने दाखवतं, की मोठ्या माणसाचं मनगट धरून त्याचा हात डब्याकडे ढकलतं? शेवटचा प्रकार नीट टिपून ठेवा. माणसाकडे न बघता त्याचा हात अवजारासारखा वापरणं हे बोट दाखवणं नव्हे. पण ‘हात धरून नेतो की, सगळं सांगतो बरोबर’ असं म्हणून बहुतेक घरांत त्याला ‘हो’ मिळतो.

हीच गोष्ट नकलेच्या पंधराव्या प्रश्नात. ‘जय बाप्पा कर, टाटा कर, पापा दे’ या फर्मायशींवर केलेलं मोजू नका. आई चपाती लाटताना याने रिकाम्या पोळपाटावर हात फिरवला का, बाबा दाढी करताना गालावर बोटं फिरवली का, आजोबा खोकले तर मुद्दाम खोकून बघितलं का, ते विचारा. खोटं-खोटं खेळण्याच्या तिसऱ्या प्रश्नात मूळ उदाहरणं आहेत रिकाम्या कपातून पिणं, फोनवर बोलणं, बाहुलीला भरवणं. कप आणि बाहुली आपल्याकडे उत्तम चालतात, भातुकली असेल तर दुधात साखर. फोनचं उदाहरण मात्र आता बाद समजा. दीड वर्षाच्या मुलाच्या हातात खराच मोबाइल असतो आणि त्यावर खरेच आजी-आजोबा दिसतात. ते कानाला लावणं खोटं-खोटं राहिलेलं नाही. रिमोट, डबीचं झाकण, चपलेचा जोड असं फोन नसलेलं काही कानाला लावलं तर ते मोजा.

नावाचा दहावा प्रश्न मजेशीर आहे. कागदावर आदित्य, घरात सोन्या, आजोळी बंड्या, आणि आत्या म्हणते पिल्लू. दवाखान्यात डॉक्टर ‘आदित्य!’ म्हणून हाक मारतात आणि मूल ढिम्म. घरात सगळ्यात जास्त कानावर पडणारी हाक कोणती ते आधी विचारून घ्या, मूल कशात तरी रमलेलं असताना मागून, एका ठरलेल्या आवाजात हाक मारा, आणि दोन-तीन संधी द्या. चुटकी, टाळी, खुळखुळा यांवर वळणं वेगळं, नावावर वळणं वेगळं. काही आया ‘सोन्या, चॉकलेट!’ अशी हाक मारतात. त्यातून कळतं ते चॉकलेटबद्दल.

आवाजाच्या बाराव्या प्रश्नात व्हॅक्यूम क्लीनर आहे. इथे मिक्सर, कुकरची शिट्टी, ढोल-ताशा, मिरवणुकीचा डीजे घ्या. फटाके नकोत, त्यांना बरीच मुलं घाबरतात आणि ‘हो’ची फुकट भर पडते. मिक्सरला दचकून आईला बिलगणं नेहमीचं. कान घट्ट दाबून किंचाळत राहणं, किंवा मिक्सर नुसता ओट्यावर दिसला तरी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणं, हे लिहून घ्यायचं. चढण्याच्या प्रश्नाला पलंग, जिना, खिडकीचे गज. झोक्याच्या प्रश्नाला पाळणा, मांडीवरचा घोडा-घोडा. यांत फारसं काही अडत नाही.

‘ऐकू येत नसेल असं कधी वाटलं का’ याला मात्र घरोघरी ठसक्यात ‘नाही’ येतं. आपलं मूल बहिरं असेल हे मनात आलं होतं, असं सासूसमोर कोण कबूल करणार? त्यातून टीव्हीवर जाहिरात लागली की मूल पळत येतं, मग ऐकू येत नाही म्हणायची सोयच नाही. प्रश्न असा फिरवून पाहा: ‘कधी असं झालंय का, की चार हाका मारल्या, हा हललाच नाही, म्हणून तुम्ही मागून भांडं वाजवून बघितलंत?’ भांडं वाजवून बघितलेल्या आया पुष्कळ निघतात. तिथे ‘हो’ लिहा, आणि एकूण गुण काहीही असोत, श्रवणचाचणी करून घ्या. ओएई किंवा बेरा या श्रवणचाचण्यांपैकी एक झाल्याशिवाय भाषेच्या उशिराबद्दल कुणीच काही ठामपणे बोलू नये.

नजरेच्या चौदाव्या प्रश्नावर एक वाद हमखास निघतो. आपल्या संस्कृतीत मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीत, मग हा प्रश्न आपल्याला कसा लागू, असं सेमिनारांत ऐकू येतं. आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. खाली बघायची रीत शाळकरी मुलांची, सुनांची, नोकरीतल्या माणसांची. दीड वर्षाचं मूल मांडीवर बसून आईच्या टिकलीला हात घालतं, ते काही मान राखून खाली बघत नसतं. रीतीभातीचा विचार करायलाच हवा, पण खरी खूण झाकायला त्याचं पांघरूण नको. त्याच जातीचं दुसरं पांघरूण म्हणजे ‘त्याचे बाबाही चार वर्षांनी बोलले’. आणि तिसरं, अलीकडचं, ‘मोबाइल बंद करा, होईल नीट’. मोबाइल जरूर कमी करा, पण तेवढ्यासाठी पुढची तपासणी तीन महिने लांबवू नका.

कागद कोण भरतं याने उत्तरं किती बदलतात! दिवसभर मूल आजीकडे आणि कागद बाबांच्या हातात, हा सगळ्यात वाईट जोड. जो मुलाला भरवतो, त्याच्याशी खेळतो, त्यालाच विचारा. आई आणि आजी दोघी असतील तर वेगवेगळं विचारा; एकत्र बसवलं की उत्तर आजीचंच येतं. वाचून दाखवताना पुस्तकी मराठीत दाखवू नका. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी घरात त्या घरच्याच बोलीत विचारलं की ‘हो हो’ कमी होतं आणि किस्से जास्त येतात. किस्साच हवा असतो. प्रत्येक उत्तराला ‘म्हणजे कसं? परवाचं एखादं सांगा’ एवढं जोडलं तरी निम्मी फसवी उत्तरं गळून पडतात.

इथे एक कायदेशीर खाचखळगा. साधन फुकट असलं तरी त्यावर हक्क आहेत: प्रश्न बदलायचे नाहीत, निवडक प्रश्न उचलायचे नाहीत, तळाची हक्कांची ओळ काढायची नाही, आणि अ‍ॅपमध्ये घालायचं असेल तर परवानगी लागते. म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर खोडून मिक्सर छापता येणार नाही. वीस प्रश्न जसेच्या तसे ठेवा आणि वर सांगितलेली घरगुती उदाहरणं मुलाखतीत वापरा. फॉलो-अपमध्ये पालकांकडून उदाहरणंच काढून घ्यायची असतात, त्यामुळे हे तिथे सहज बसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या, कुणीतरी पुन्हा टाइप केलेल्या मराठी प्रतींपासून लांब राहा. प्रत हाती आली की तीन गोष्टी बघा: वयाची अट छापली आहे का, प्रश्न वीसच आहेत का (तेवीस असतील तर ती जुनी आवृत्ती), आणि फॉलो-अपची पानं सोबत आहेत का.

मुलाखतीला जोड म्हणून मूल प्रत्यक्ष बघणं फार स्वस्तात होतं. एम-चॅटचा पूर्वज चॅट १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी काढला. त्यात पालकांच्या प्रश्नांबरोबर आरोग्यसेविकेने स्वतः करून बघायचा भाग होता. अमेरिकन आवृत्तीत तो गेला. हाँगकाँगकरांनी २००४ मध्ये तो परत आणला: त्यांच्या चॅट-२३ मध्ये एम-चॅटचे प्रश्न आहेत, पण हो-नाहीऐवजी ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पायऱ्या, आणि सोबत प्रत्यक्ष निरीक्षण. आपल्याकडे हा मार्ग जास्त जुळतो असं आमचं मत. खर्च म्हणाल तर खेळण्यातला कप आणि किटली. मुलाचं लक्ष वेधून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बोट करून ‘अरे, ते बघ!’ म्हणा, मूल तुमच्या बोटाकडेच बघत राहतं की पलीकडे बघतं? कप-किटली देऊन ‘मला चहा कर’ म्हणा. मग विचारा ‘दिवा कुठाय?’ चॅटच्या नियमाप्रमाणे नुसतं दिव्याकडे बोट केल्याचा गुण नाही. बोट करण्याच्या आसपास मुलाने तुमच्या चेहऱ्याकडेही बघायला हवं. ‘पंखा कुठाय’ने तयार झालेली मुलं इथे लगेच वेगळी कळतात. नुसत्या निरीक्षणावर मात्र जाऊ नका. पालकांचे प्रश्न जोडीला असूनही, चॅट लावलेल्या सोळा हजार मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला तेव्हा त्याची पकड ३८ टक्केच भरली होती.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. इसा, म्हणजे ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लागते. ४० ते २०० गुण, ७० पासून पुढे ऑटिझम. दीड वर्षाच्या मुलाच्या चाचणीसाठी तिचा उपयोग नाही, तरी काही ठिकाणी ती घाईने लावतात. आयएनडीटी-एएसडी हे भारतीय तज्ज्ञांनी २ ते ९ वर्षांसाठी बनवलेलं निदानाचं साधन, म्हणजे पुढची पायरी. जीएमसीडी हा तुर्कस्तानात जन्मलेला, भारतातही तपासून पाहिलेला मार्ग आम्हाला मनापासून आवडतो: हो-नाही नाहीच, मोकळे प्रश्न आणि पालकांचं बोलणं. तो विकास एकूण बघतो, ऑटिझमपुरता नाही, आणि प्रशिक्षणाशिवाय हाती घेऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि शंका असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, डीईआयसीकडे, पाठवतात. पथकाच्या भेटीला घरचं माणूस हजर नसेल तर मुलाबद्दल सांगणार कोण? सेविकेने आदल्या दिवशी निरोप दिला तरी फरक पडतो.

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांना हा कागद १८ आणि २४ महिन्यांच्या भेटीत बहुधा मिळतो. मुलाशी घरात मराठी बोलत असाल तर अठरावा प्रश्न, बोटाने न दाखवता सांगितलेलं कळतं का, मराठीत करून बघा. ‘पांघरूण आण’ कळत असेल आणि ‘ब्रिंग मी द ब्लँकेट’ कळत नसेल, तर उत्तर ‘हो’. दोन भाषांमुळे मूल बोलायला थांबलंय, असं तिथल्या कुणी सांगितलं तरी त्यावर ऑटिझमची शंका सोडून देऊ नका.

आपल्याकडे वेळ साधायची तर सरकारी लसीकरणातला १६ ते २४ महिन्यांचा डीपीटी बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस या साधनाच्या वयात बरोबर बसतो. सुई टोचायच्या आधी कागद भरून घ्या; नंतर मूल रडत असतं आणि आई ‘हो हो’ करत उठायच्या घाईत असते. चाचणी अडली तर चिठ्ठीवर नुसते ‘एम-चॅट ६’ असे गुण लिहून पाठवू नका. कोणते प्रश्न चुकले, मुलाखतीनंतर कोणते राहिले, कोणी उत्तरं दिली, मुलाचं त्या दिवशीचं वय, घरातली भाषा आणि श्रवणचाचणी झाली की नाही, एवढं लिहा. पुढच्या तारखेला दोन-चार महिने लागले तरी घरी सुरुवात करता येते. गोवा आणि रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर झालेल्या ‘पास’ अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवलं, आणि आईवडील-मुलाच्या संवादात फरक दिसला. तशी सोय जवळ कुठे आहे का, हे डीईआयसीत चिठ्ठी देतानाच विचारून घ्या.